भुंकण्याचं कारण

"भुंकतो कशावर?" निरीक्षकानं विचारलं.

"साहेब, कुत्रा आहे. भुंकणार नाही तर काय गाणं म्हणणार?" नवरा स्वतःच्या विनोदावर खळखळून हसला. बायको हसली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कुत्रा तिच्या पावलांवर बसला होता, तोंड नवऱ्याकडे करून.

नियम ४. भुंकण्याची तक्रार आल्यास निरीक्षकाने सात दिवसांत घरी जावे व कुत्रा कशामुळे भुंकतो याची समक्ष खात्री

तर तो खात्री करत होता. मांडीवर फाईल उभी धरलेली. आत सुवाच्य अक्षरातली तीन पानी निनावी तक्रार. खात्यात सव्वीस वर्षं काढली, पण इतकी नेटकी तक्रार त्यानं पाहिली नव्हती. तो मोठ्यानं वाचू लागला.

सोमवार, ७.१० ते ७.३०.
मंगळवार, ६.५५ ते ७.४०. मध्ये एकदाही थांबला नाही.
बुधवार, गुरुवार, शुक्रवार: आवाज नाही.

"समोरची म्हातारी!" नवरा म्हणाला. "दुसरं कोण? आमच्याकडे टाचणी पडली तरी तिला कळतं."

पुढची ओळ निरीक्षकानं मोठ्यानं वाचली नाही. शनिवार, घरात पाऊल टाकल्या टाकल्या.

"बुध, गुरू, शुक्र का भुंकला नाही?"

"हे कामासाठी बाहेरगावी होते," बायको म्हणाली. पहिल्यांदाच बोलली.

"बघा! मी नसलो की शहाणा होतो." नवऱ्यानं पाण्याचा ग्लास उचलायला हात पुढे केला. नुसता हात. कुत्रा उठला. मान खाली, दात बाहेर, त्या हातावर नजर. बायकोनं पटकन वाकून त्याचा पट्टा धरला. डाव्या हातानं. उजव्या मनगटाला ओढणीचा तुकडा बांधलेला होता.

कुत्रे मांजरावर भुंकतात, घंटेवर भुंकतात, काही न दिसताही भुंकतात. हा एका हातावर भुंकत होता. निरीक्षकाला ते कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"साहेब," बायको म्हणाली, "तुम्हाला काय दिसलं ते लिहा ना."

नवरा हसायचा थांबला.

निरीक्षकानं पेनाचं टोपण काढलं. अहवालात कारणाचा रकाना दोन ओळींचा होता. त्याला चार महिन्यांनी निवृत्त व्हायचं होतं. आजवर एकही ठपका नाही.

"बाई, माझ्याकडे कुत्र्या-मांजरांचं खातं आहे," तो म्हणाला आणि त्यानं लिहिलं: कुत्र्याचा स्वभाव.

नियम ७. स्वभावतः उपद्रवी कुत्रा मालकाच्या संमतीने

संमती नवऱ्यानं उभ्या उभ्याच दिली. खाली खात्याची गाडी होती. पकडणाऱ्यानं वर येऊन गळ्यात फास घातला. कुत्रा एकदाही भुंकला नाही. त्यानं चारी पाय फरशीवर रोवले आणि तो जिन्यापर्यंत तसाच घसरत गेला. बायकोनं हाक मारली नाही. ती निरीक्षकाकडेच बघत राहिली, जणू त्याचं अजून काही बोलायचं राहिलं होतं.

"बरं, नाव सांगा हो त्या चहाडखोराचं," नवरा म्हणाला.

"तक्रार निनावी आहे."

"मग प्रत द्या. मालकाला मिळते ना?"

"कशाला हवी प्रत?" बायको एकदम म्हणाली. "गेला ना कुत्रा! मिटलं. साहेब, नका देऊ."

निरीक्षक तिच्याकडे बघत राहिला. मग हातातल्या पानांकडे. शनिवार, घरात पाऊल टाकल्या टाकल्या. हे समोरच्या घरातून कुणाला दिसणार होतं? 'दिसलं ते लिहा' असं ती मघाशी का म्हणाली होती ते त्याला आता कळलं. ती सात दिवस त्याचीच वाट बघत होती. माणसासाठी कुणी येत नाही, कुत्र्यासाठी येतात, एवढाच तिचा हिशोब होता. अकरावा नियम तिला ठाऊक नव्हता.

नियम ११. मालकाने मागितल्यास तक्रारीची प्रत जागेवरच

प्रत तयार होती, मूळ तक्रारीची झेरॉक्स. ती तो नेहमीच तयार ठेवी. 'उद्या कार्यालयात या,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी विचारलं नसतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"इथं सही करा," तो म्हणाला.

नवऱ्यानं सही केली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याची घडी घातली आणि ती हळूच शर्टाच्या खिशात ठेवली.

"अगं, अक्षर अजून किती सुंदर आहे तुझं," तो बायकोला म्हणाला. "साहेब, जाताना दार तेवढं ओढून घ्या."

निरीक्षकानं दार ओढून घेतलं. नीट लागलं की नाही, ते ढकलून पाहिलं.