जाळी बारीक केलीस का?

नोकरीतलं पहिलंच गणित सुटलं, तशी शाल्मली लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात धावली. "आई, बघ! धरणाच्या भिंतीत उष्णता कशी पसरते!"

आईने हात पुसून चष्मा लावला. "अगंबाई, किती सुरेख रंग!"

शाल्मली उगाच वाट बघत राहिली. एके काळी या घरात प्रत्येक उत्तराला आईचा एकच प्रश्न असे, "जाळी बारीक करून पाहिलीस का?" म्हणजे भिंतीचे आणखी लहान तुकडे पाडून तेच गणित पुन्हा करायचं. उत्तर बदललं, तर पहिलं खोटं. आईचे पीएचडीचे विद्यार्थी या प्रश्नाला टरकून असत. आज शाल्मलीने जाळी दोनदा बारीक केली होती. विचारणारंच कुणी नव्हतं.

आता एम.एस्सी.साठी कुणी वर्षं घालवत नाही. एकाच्या डोक्यातलं गणित दुसऱ्याच्या डोक्यात दुपारभरात उतरतं. देणाऱ्याकडे मात्र काही उरत नाही. आपल्याला ते येत होतं, ही आठवणसुद्धा पुसली जाते. शाल्मली अनोळखी माणसाचं घ्यायला तयार होती, पण आई हट्टाला पेटली. "माझं असताना परक्याचं कशाला?"

आता तिला खरं सांगितलं, तर तिला ती थट्टाच वाटते.

"कुणी शिकवलं गं एवढं अवघड?" आईने विचारलं.

"एक बाई होत्या." शाल्मलीने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. "फार कडक."

"मग इथे काय करतेस? आधी त्यांच्या पाया पडून ये."

शाल्मली तिथेच, ओट्यापाशी वाकली.

आई हसत मागे सरकली. "अगं वेडे, माझ्या नाही, त्यांच्या!"