साहेबांचा आवाज

"सीमेच्या नकाशांची फाईल ताबडतोब दिल्लीला पाठवा, प्लीज!"

वर्गातल्या स्पीकरफोनवर संचालकांचा आवाज घुमताच तीस अधिकारी ताडकन उभे राहिले. दोघे तर दारापर्यंत पोहोचले.

"बसा," प्राध्यापिका केळसकर म्हणाल्या. "हा आवाज मी काल संगणकावर बनवला. उद्याचा शत्रू असाच तुमच्या साहेबांच्या आवाजात फोन करील." आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा हा तास त्यांनी सात देशांत घेतला होता आणि प्रत्येक वेळी अख्खा वर्ग फसला होता.

आज मात्र मागच्या बाकावर संचालकांच्या स्टेनो खाडेबाई शांत बसून होत्या.

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"वीस वर्षं साहेबांचं डिक्टेशन घेतेय, मॅडम. प्लीज हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही."

हशा पिकला. फोनचा मजकूर केळसकर मॅडमनी स्वतःच्या सवयीनं, प्लीज घालून लिहिला होता. त्यांनी वहीत नोंद केली.

तेवढ्यात स्पीकरफोन पुन्हा वाजला आणि संचालकांचाच आवाज आला. "जेवण थंड होतंय! येताय की नाही?"

एकही अधिकारी हलला नाही. सगळे एकमेकांकडे पाहत राहिले.

खाडेबाईंनी पर्स उचलली. "चला, हे खरे साहेब."

सगळ्यांत आधी केळसकर मॅडम उठल्या.