काठीची दोरी

"बटणं पितळेचीच लाव हं ताई," लंबू म्हणाला. "लांबून चमकली पाहिजेत. पोलीस आला हे लोकांना आधी बटणांवरून कळतं."

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने नुसती मान हलवली आणि नाटकातल्या पोलिसाच्या त्या सदऱ्याच्या बाहीची दुमड उसवली. उंची ताडामाडाची, त्यामुळे कुठलाही सदरा त्याला आखूडच व्हायचा.

युनियनच्या कचेरीमागची ही खोली पूर्वी काचसामानाची खोकी ठेवायला होती. आता तिथे पथनाट्याच्या तालमी चालत. मालकाने काचेच्या कारखान्याला टाळं ठोकून कामगारांना वाऱ्यावर सोडलं होतं, आणि उद्या खेळ होता. क्रांतीचं सगळं ठरलं होतं. फक्त मालकाचं पोट अजून भरायचं होतं. ते जुन्या उशांचं होतं आणि दर खेळात एका बाजूला घसरायचं.

कोपऱ्यात दादाची आणि युनियनच्या सेक्रेटरीची नेहमीप्रमाणे जुंपली होती. हा गट दादाने उभा केलेला. भट्टीसमोर घाम गाळताना तो गाणी रचायचा, आणि ती कामगारांच्या पोरांनाही पाठ होती. सेक्रेटरीला मात्र नाटकात भाषण वाढवून हवं होतं.

"गाण्यांनी कारखाना उघडत नाही, दादा."

"भाषणांनी उघडत असता तर तू एकट्यानेच उघडला असतास की."

सगळे खो खो हसले. सेक्रेटरीलाही हसू आवरलं नाही. ताईसुद्धा हसली, पण तिचं लक्ष लंबूच्या हाताकडे होतं.

तालीम सुरू झाली. लंबूने काठी उचलली, मोर्चा अडवला, पुढे असलेल्या गटातल्या गाणारीला मागे ढकललं. गाणारीचा एक हात प्लास्टरमध्ये होता. मागच्या खेळाला खरे पोलीस आले होते, तेव्हाचा तो प्रसाद. त्याच्या आधीचा खेळही असाच उधळला गेला होता. दोन्ही वेळा पोलीस गटाच्या आधी हजर. खेळाची जागा आदल्या दिवशी फक्त दादाला आणि कपड्यांची पेटी पुढे नेणाऱ्यांना माहीत असायची. पेटी ताईची, आणि हल्ली ती उचलायला लंबू असायचा.

त्यामुळे सगळेच एकमेकांकडे जरा तिरक्या नजरेने बघू लागले होते. चहाचा कप पुढे करतानाही बोलणं तोलूनमापून व्हायचं.

ताईने पुन्हा लंबूची मूठ पाहिली. याला कोणी पाठवलं असेल याचा तिला अंदाज होता. का पाठवलं असेल याचाही.

तिला ही खोली सोडायची नव्हती. इथं येईपर्यंत ती कोणाचीच ताई नव्हती. इथं तिच्यासाठी चहा झाकून ठेवत, तिच्या शिवणीचं कौतुक करत, गटाचा फोटो काढताना तिला पुढे ओढत. तेव्हा ती हटकून सुई शोधायला खाली वाकायची, मग त्यावरून तिची थट्टाही होई. दादाचं भट्टीचं गाणं ऐकून ती एकदा चक्क रडली होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

हा लंबू इथं राहिला तर हे सगळं संपणार, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

तालीम संपली. मंडळी पांगली. लंबू पेटीत कपडे भरत बसला. दादा मागच्या नळावर कप विसळत होता. ताई तिथे गेली.

"दादा, उद्या लंबूला नको नेऊस."

"का गं?"

"तो आपल्यातला नाही. पोलीस आहे."

"नाटकातला?"

"थट्टा नको. खरा."

दादाने कप उपडा ठेवला. "पहिल्यांदा खेळ उधळला तेव्हा लंबू गटात आलाच नव्हता, ताई."

"तो योगायोग असेल. पण मी त्याची काठी बघितली ना! मुठीजवळच्या दोरीचा फास मनगटात अडकवत नाही तो. अंगठ्यावरून हातामागे घेतो."

"मग? काठी ती काठी. दोरी कुठनं का घेईना."

"असं कसं?" ताईचा जीव तळमळला. उद्याचा खेळ तोंडावर आला होता आणि या भोळ्या माणसाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. गळ्यातली टेप काढून तिने हातातल्या कापड मोजायच्या पट्टीला अडकवली, फास अंगठ्यावरून मागे टाकला आणि मूठ वळली. "हे बघ. गर्दीने काठी ओढली तर मनगट अडकतं, माणूस काठीबरोबर गर्दीत जातो. असं धरलं की नुसती मूठ सोडायची. हात मोकळा. बाहेरच्या माणसाला हे ठाऊकच नसतं, दादा. शिकवल्याशिवाय येतच नाही."

दादा तिच्या मुठीकडे बघत राहिला. नळ वाहत होता, तो त्याने बंद केला.

"खरंय," तो म्हणाला. "मलाही येत नव्हतं. नोकरी सोडलेल्या एका हवालदाराकडून शिकलो आणि मग लंबूला शिकवलं. महिनाभर तो तसाच धरतोय, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सेक्रेटरीने पाहिलं, गाणारीने पाहिलं. कोणाला काहीच वाटलं नाही."

खोलीच्या दारात लंबू येऊन उभा राहिला होता. त्याने पेटी हळूच खाली ठेवली.

"तुला कोणी शिकवलं, ताई?" दादाने विचारलं.