बोटं दिसत नाहीत

बोटांचा पुन्हा लगदाच झाला होता.

एलनुरानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. तिच्या संगणकावर तो लग्नाचा व्हिडिओ आरशासारखा लख्ख होता. साइटवर चढवला रे चढवला, की कुणीतरी चावून थुंकल्यासारखा दिसायचा. त्यातही बाकीचं एकवेळ चाललं असतं. पण नवरीच्या आईचे हात आले, की त्यांच्या जागी नुसता गुलाबी चिखल वळवळायचा.

"एजे, आईची बोटं अजून दिसत नाहीत," मिस्कालचा सकाळीच फोन आला होता. लग्न तिचंच होतं, आणि एलनुराला ती 'एजे', म्हणजे ताई, म्हणायची. "तालास गावच्या मावशीला येता आलं नाही लग्नाला. व्हिडिओची वाट बघत बसलीय बिचारी. आणि आता बघितला, तर काही म्हणजे काही कळत नाही म्हणते. बाकी कसंही असू दे, आईचा तेवढा भाग स्वच्छ पाहिजे मला. जमत नसेल तर तसं सांगा, दुसरं कुणी बघते."

"जमेल गं. आज देते," एलनुरा म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं नाक मुरडलं. बोटं म्हणे! अंगठ्या म्हण की सरळ.

काराकोलमधली लग्नं कापून-जोडून ती विटली होती. एर्मेक झाल्यापासून तर जास्तच. तो बेशिकमध्ये, आपल्या लाकडी पाळण्यात, निजला की ती कामाला बसायची, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून आवाज पूर्ण बंद. आवाज गेला की लग्नात काय उरतं? उघडमीट करणारी तोंडं. सोन्याचे दात. व्याह्यांनी एकमेकांच्या घशात कोंबलेली मेंढीच्या शेपटीची चरबी, हनुवट्यांवरून ओघळणारा तिचा तेलकट रस. आणि कॅमेरा वळला की पुढे सरसावणारे कान, गळे, मनगटं. पाळण्यातल्या त्या इवल्या स्वच्छ तोंडाकडे बघून पुन्हा पडद्याकडे बघावं, तर पडदा मिटून टाकावासा वाटायचा.

या बाईनं तर कहरच केला होता. बाकीचे निदान हातात माइक घेऊन नव्या जोडप्याला चार शब्दांची बाता, म्हणजे आशीर्वाद, देत होते, ओठ तरी हलत होते. ही पुढे आली, माइककडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि छातीसमोर अंगठ्यांनी भरलेली बोटं नाचवायला लागली. पसरली, मिटली, उलटी केली, सुलटी केली. पोटची पोर सासरी निघालेली, आणि तोंडातून आशीर्वादाचं एक अक्षर नाही! बरं, थांबेल तर शपथ. शेवटी एलनुरानं तो भाग दुप्पट वेगानं पळवला, मधला तुकडा छाटून टाकला आणि तिथला आवाज काढून कोमुझ या तंतुवाद्याची एक गोड धून घातली. खपून गेलं.

आता त्याच बोटांसाठी ती तोच व्हिडिओ नव्यानं एक्सपोर्ट करत होती. फाइल जड केली. चित्राचा आकार वाढवला. मोठ्या आकाराला साइट जरा कमी पिळते. चढवल्यावर गढूळ चित्र निवळायची वाट पाहिली. चिखल तो चिखलच. खरं कारण तिला ठाऊक होतं. जे भरभर हलतं, त्याचाच साइट आधी चुराडा करते. तो भाग मूळ वेगावर आणला असता, तर बोटं लगेच सुटी झाली असती. पण मग त्या अंगठ्या दुप्पट वेळ बघायच्या? बाकीच्या पाहुण्यांनी काय घोडं मारलं होतं?

दुपारी दार वाजलं. मिस्काल उभी होती, हातात गरम भाकऱ्यांचं गाठोडं. मागे तिची आई.

"राहू द्या ती साइट, एजे. शेजारचे तालासला निघालेत. मूळ फाइलच पेनड्राइव्हवर द्या, म्हणजे बिघडायचा प्रश्नच नाही."

एलनुरानं हुश्श केलं. ब्याद टळली. ती पेनड्राइव्ह लावत होती, तोवर आईनं बूट काढले आणि ती सरळ पाळण्यापाशी गेली. एलनुरा खुर्चीतून अर्धी उठलीच. पोर आत्ताच कुठे निजलं होतं. पण आई काहीच बोलली नाही. पाळण्यावर वाकली आणि तिचे हात हलू लागले. बोटांत आता एकही अंगठी नव्हती. राकट, लोकर धुऊन भेगाळलेली बोटं. पसरली, मिटली, छातीपाशी गेली, बाळाकडे वळली. एलनुराला पुढची प्रत्येक हालचाल आधीच कळत होती. तिनंच तर कापली होती ती.

"काय करताहेत त्या?" तिनं हळूच विचारलं.

"बाता देतेय बाळाला. ऐकू येत नाही तिला, एजे. मावशीलाही नाही. दोघी लहानपणापासून हातांनीच बोलतात." मिस्कालला नवल वाटलं. "लग्नात मीच नव्हते का कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून माइकवर सांगत, आई काय म्हणतेय ते? धून घालण्याआधी तुम्ही ऐकलंत ना?"

एलनुरानं मान वळवली. पडद्यावर फाइल पुढे सरकत होती.

"अंधुक होतं, त्याचं मावशीला एवढं नाही हो," मिस्काल म्हणाली. "तिचं एकच पालुपद चाललंय. म्हणते, माझी ताई इतकं भरभर कधीच बोलत नाही. लेकीच्या लग्नात तिला एवढी घाई कुणी केली?"