स्वतःच्या लुगड्यातला फोटो

"ताई, ती छत्री आधी मिटा," हरिओम म्हणाला. "घरात छत्री उघडत असतात का? अपशकुन होतो."

दैवशालाने छत्री मिटली नाही, नुसती थोडी मागे सरकवली. फोटो काढायला ती सकाळच्या एसटीने अंबडहून वडीगोद्रीला आली होती. खांद्याला एकच पिशवी. तिच्यातून कॅमेरा, फ्लॅश, दोन बारके स्टँड आणि तीन घड्यांच्या दोन पांढऱ्या छत्र्या निघाल्या होत्या. स्टुडिओतल्या लांबलचक छत्र्या घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर अंगावर येतो, म्हणून तिने बाजारातल्या साध्या छत्र्यांवर भागवलं होतं. फ्लॅशपुढे पांढरं कापड आलं की उजेड चाळणीतून पीठ पडावं तसा मऊ पडतो, हे तिचं तिनेच शोधून काढलेलं.

दोन छत्र्यांच्या मधोमध खुर्चीत सगुणाबाई बसली होती. हरिओमची आई. तिने परस्पर फोन लावून दैवशालाला बोलावलं होतं आणि लेकाला ते आत्ता, शेतातून आल्यावर कळत होतं.

"एवढा मोठा फोटो कशाला पाह्यजे तुला?"

"भितीवर लावायला."

हरिओमचं तोंड उतरलं. त्या भिंतीवर दोन फोटो होते आणि दोन्हींना चंदनाचे हार होते. जित्या माणसाचा फोटो त्या रांगेत लागत नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"माय, हे मरण बोलावणं हाय. मी बिलकुल लावू देणार न्हाई. तुझं बरंवाईट झाल्यावर आम्ही लावूच की. चांगला, आजीसारखा."

"आजीसारखा!" सगुणाबाई ताडकन म्हणाली. "वर बघ जरा. आजी हाय का ती?"

दैवशालानेही वर पाहिलं. सगुणाबाईची सासू गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. मतदान कार्डावरचं नखाएवढं तोंड तेवढं सापडलं. ते स्टुडिओवाल्याने कापलं आणि त्याच्याकडे तयार असलेल्या एका अंगावर बसवलं. त्या अंगावर जांभळी पैठणी होती, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची माळ आणि मांडीवर गोरेपान, गुबगुबीत हात. आयुष्यभर कपाशी वेचलेल्या बाईचे म्हणे ते हात! शेजारी सगुणाबाईचा नवरा. त्याने जन्मात शर्टाचं वरचं बटण लावलं नव्हतं, मेल्यावर त्याला कोट-टाय मिळाला. आलागेला पाहुणा म्हणे, काय रुबाब आहे! सगुणाबाई रोज त्यांच्याखालून झाडू मारी आणि रोज तिच्या पायाची आग मस्तकात जाई.

"तोंड तेवढं तिचं हाय," ती म्हणाली. "बाकीची बाई कोन हाय, कोनाला ठाव? मला न्हाई लटकायचं दुसरीच्या अंगावर."

हरिओम तरातरा पुढे आला. त्याने एका स्टँडवरची छत्री काढली, खटाखट मिटली आणि टेबलावर आपटली. बाप जाऊन त्याला दोनच वर्षं झाली होती आणि आता आईवर उघडलेली ही पांढरी छत्री त्याला बघवत नव्हती.

"ताई, तुमचा येण्याजाण्याचा खर्चा देतो. जा तुम्ही."

दैवशाला कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळू लागली. "मावशी, घरात वाद असंल तर मी निघते. मंग बघू कधी."

"मंग कधी?" सगुणाबाई म्हणाली. "मेल्यावर?"

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. टेबलावरची छत्री तिने उचलली, उलटीपालटी करून पाहिली. असली छत्री तिने कधी हातात धरली नव्हती.

"कुठं दाबायचं गं?"

"मुठीजवळ. ते बटण."

तिने अंगठा ठेवला आणि दाबला. फट्‌ करून कापड उघडलं, तसा हरिओम दोन पावलं मागे गेला. सगुणाबाईने छत्री तशीच त्याच्यासमोर धरली.

"लाव जागेवर."

तो हलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बायको शीतल मात्र पुढे आली. नवऱ्याकडे न बघता तिने सासूच्या हातातून छत्री घेतली आणि स्टँडवर बराबर बसवली.

सगुणाबाई पुन्हा खुर्चीत बसली. अंगावर तेच खुरपणीचं हिरवं लुगडं, गुडघ्याशी ठिगळ लावलेलं. शीतलने नवं आणून देऊ का म्हणून विचारलं. सासूने नको म्हणून मान हलवली. हात तिने मांडीवर पसरून ठेवले, दिसतील असे.

फ्लॅश उडाला. दैवशालाने कॅमेरा तिच्यापुढे धरला. मऊ उजेडात सगळं आलं होतं, हातावरच्या शिरा, चिरलेला अंगठा, ठिगळाचा टाकान्‌टाका. सगुणाबाई पडद्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली आणि मग लहान पोरीसारखी हसली.

"मीच हाय की गं ही!"

दारात जाऊन उभ्या राहिलेल्या हरिओमचा आवाज आला. आता तो रडवेला झाला होता. "भितीवर फोटो दिसला की गाव म्हणंल म्हातारी गेली. लोक भेटायला येतील, माय. काय सांगू मी त्यांना?"

सगुणाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सांग, बसा. माय चहा ठेवून राह्यली."