हेझलची शिट्टी

लाल खडकांच्या घळीतून गाडीकडे परतताना टॅनर पुढे होता आणि पाच वर्षांच्या हेझलचा हात धरून केन्ना मागे.

तेवढ्यात घळीच्या आतून शिट्टी ऐकू आली. लागोपाठ तीनदा.

"हेझल, पुरे गं!" टॅनर न वळताच हसला. "तीनदा फक्त हरवल्यावर वाजवायची. उगाच शोधपथक येईल हेलिकॉप्टर घेऊन!"

"मी नाही वाजवली, बाबा."

केन्नाने तिच्या गळ्याकडे पाहिलं. सकाळी स्वतःच्या हाताने घातलेली केशरी शिट्टी तिथे नव्हती.

"पडली असेल. सापडली वाटतं कुणाला," टॅनर म्हणाला. "चला, पाणी संपत आलंय."

पुन्हा तीनदा. आता वाजवणाऱ्याचा श्वास मध्येच तुटत होता. रडू आलं की हेझलचा तुटायचा, तसाच.

हरवलीस तर जागची हलू नकोस, झाडाला मिठी मारून वाजवत राहा, आई येतेच. केन्नानेच हे तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

ती घळीकडे वळली. मुठीतल्या इवल्या बोटांची पकड एकदम घट्ट झाली.

"नको ना जाऊस, आई," लाडिक आवाज आला. "दमली की गप्प बसेल ती."