गोडाची ओढ

“सकाळपासून तिला साखरेचा कणही दिलेला नाही,” नागासे म्हणाला. “आता अधाशासारखी ओढून घेईल, बघा.”

सेत्सुको मोरिवाकींनी हातमोजे चढवले आणि काचेच्या दारातून आत पाहिलं. तापमान सदतीस. सगळं ठीक होतं.

औषध त्यांनीच शोधलेलं. कॅन्सरला साखरेची भारी हाव, म्हणून त्यांनी गाठ मारणाऱ्या प्लॅटिनमच्या औषधाला साखर जोडली होती. गोड म्हणून गाठ ते गिळणार आणि मरणार. बाकीच्या अंगाला झळ लागू नये, एवढ्यासाठी नागोयात त्यांनी उभी हयात घालवली. प्लॅटिनमच्या जुन्या औषधाने त्यांच्या लेकीचे, चिनात्सुचे, कान गेले होते. ऐकू जात नाही हे ठाऊक असूनही सेत्सुको रोज तिच्याशी बोलत. लोक हसले तर हसोत.

“सेन्सेई, आधी दुसऱ्या कुणावर करून पाहू या ना,” नागासे चाचरत म्हणाला. इतक्या वर्षांचा सहायक, पण आज त्याचा धीर होत नव्हता.

“दुसऱ्यांवर झालं. हिच्यासारखा आजार आहे का आपल्याकडे आणखी कुणाचा?”

“पण तुमची ही एकच...”

“म्हणूनच मी देते. आजवर मीच भरवलंय तिला. तू मला शिकवू नकोस, हो बाजूला!”

चिनात्सुला गोडाचं वेड. शाळेतून आली की दप्तर पाठीवरच, आणि हात कोन्पेइतोच्या डब्यात. काटेरी हलव्यासारख्या त्या रंगीत साखरगोळ्यांवरून मायलेकींची रोज जुंपायची. सेत्सुकोंना भडभडून आलं.

“घे गं राणी,” त्या पुटपुटल्या. “आज आई ओरडणार नाही.”

त्यांनी थेंबाथेंबाने औषध सोडलं.

त्या रात्री त्या घरी गेल्या, पण डोळ्याला डोळा लागला नाही. घरातल्या गेलेल्या माणसांच्या देव्हाऱ्यात नवऱ्याच्या फोटोशेजारची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. कुणी विचारलंच तर त्या म्हणत, “माझ्यासाठी ठेवलीय.”

दोन दिवसांनी आतून नागासेची हाक आली.

“सेन्सेई, लागू पडलं! गाठीची एकही पेशी जिवंत उरली नाही. निरोगी पेशींना धक्कासुद्धा नाही!”

“आणि ती?”

नागासेने मान खाली घातली.

नऊ वर्षांपूर्वी चिनात्सु गेली, त्या दिवशी तिच्या गाठीतून काढलेल्या आणि आईने तेव्हापासून रोज साखर घालून जगवलेल्या पेशी बाटलीच्या तळाशी निपचित पडल्या होत्या. संध्याकाळी सेत्सुकोंनी कपाटातून लेकीचा फोटो काढला आणि देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागी ठेवला.